सेव्हिलमध्ये मित्रमंडळी, तीन रात्री: आधी घड्याळ जुळवा

मित्रांचा ग्रुप, स्पेनमधलं एक शहर आणि हातात जेमतेम तीन रात्री, एवढंच ठरलं असेल तर आमचं मत सेव्हिलला. बार्सिलोना पसरलेलं आहे, अर्धा दिवस मेट्रोत जातो. माद्रिदला म्युझियमांना वेळ द्यावा लागतो आणि सहा जणांत म्युझियमवाले दोनच निघतात. सेव्हिलचं जुनं शहर मात्र पायी उरकतं. कॅथेड्रलपासून त्रियानाचा पूल पंधरा मिनिटांवर, प्लासा दे एस्पान्या वीस मिनिटांवर. रात्री एकला जेवण संपलं तरी गप्पा मारत चालत घरी येता येतं, आणि ग्रुपच्या सहलीत ही गोष्ट फार मोलाची.

इथे सहलीचा विचका होतो तो बहुतेक वेळा दोन कारणांनी. एक म्हणजे आपण आपल्या जेवणाच्या वेळा सोबत नेतो. दुसरं म्हणजे सगळ्यांनी सगळीकडे एकत्रच फिरायचं हा हट्ट.

घड्याळ

स्पेनचं घड्याळ सूर्याच्या पुढे धावतं. भूगोलाने हा देश लंडनच्या रांगेतला, पण १९४० मध्ये घड्याळं एक तास पुढे केली गेली ती पुन्हा मागे आलीच नाहीत. त्यात उन्हाळ्यात आणखी एक तास पुढे. त्यामुळे जूनअखेरीस सेव्हिलमध्ये सूर्य मावळतो तोच रात्री पावणेदहाच्या सुमारास. मग जेवणंही त्याच हिशेबाने सरकतात. नाश्ता नऊ ते अकरा, दुपारचं जेवण दोन ते चार, रात्रीचं नऊच्या पुढे.

बाहेरच्यांची फजिती होते ती संध्याकाळी पाचला. सकाळपासून फिरून पोटात कावळे ओरडत असतात आणि स्वयंपाकघरं साडेचारच्या आत बंद झालेली असतात, ती उघडणार आठ-साडेआठला. मधल्या वेळात उघडी सापडतात ती कॅथेड्रलच्या आजूबाजूची, दारात पाएयाचे फोटो लावलेली दुकानं. पाएया हा भाताचा पदार्थ मुळात वालेन्सियाकडचा, आणि अशा फोटोंमागे बहुधा गोठवलेलं पाकीट असतं. तिथे सहा जणांचं बिल भरून उठताना कुणीच खूश नसतं.

यावर उपाय सोपा. दिवसाचं मोठं जेवण दुपारी करा आणि सव्वाएकला जागा पकडा. स्थानिक लोक दोननंतर येतात, त्याआधी सहा जणांचं टेबल सहज मिळतं. आठवड्याच्या दिवसांत बऱ्याच ठिकाणी ‘मेनू देल दिया’ असतो: दोन पदार्थ, पाव, एक पेय आणि गोड किंवा कॉफी, साधारण १२ ते १६ युरोंत. फळ्यावर खडूने लिहिलेला असतो, इंग्रजी भाषांतर नसेल तर जास्त चांगलं. मग चार ते सहा खोलीवर आडवे व्हा. याला आळस समजू नका. रात्री बारापर्यंत ताजंतवानं राहायचं असेल तर ही झोप लागतेच. सहाला कॉफी नाहीतर आइस्क्रीम, साडेआठला बाहेर.

लहान दुकानंही दोन ते पाच बंद असतात आणि रविवारी बहुतेक बाजार बंद. खरेदी करायची असेल तर ती शनिवारी सकाळी आटपा.

कधी जावं

मार्चचा मध्य ते एप्रिलची सुरुवात, किंवा ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर. मार्चमध्ये रस्त्याकडेच्या संत्र्याच्या झाडांना मोहोर येतो आणि सगळ्या गल्ल्या त्या वासाने भरून जातात. (ती संत्री तोडून खाऊ नका, कडू असतात. मुरंब्याच्या कामाची.) जुलै-ऑगस्टमध्ये पारा सहज चाळिशीपार जातो. सिएर्पेससारख्या रस्त्यांवर वरून कापडी छतं ताणतात, पण दुपारी दोन ते सात शहर ठप्पच असतं. तीन दिवसांतले रोजचे पाच तास असे गेले तर उरलं काय?

दोन आठवड्यांबाबत आधी ठरवून टाका. ईस्टरच्या आधीचा ‘सेमाना सांता’ आणि त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी येणारी ‘फेरिया दे आब्रिल’ म्हणजे एप्रिलची जत्रा. पवित्र आठवड्यात चर्चशी जोडलेल्या साठाच्या वर बंधुसंघांच्या मिरवणुका निघतात आणि जुन्या शहरातले रस्ते तासन्‌तास अडतात. खोलीपासून शंभर मीटरवर पोचूनही अर्धा तास पलीकडे जाता येत नाही. तो पाहायलाच चालला असाल तर जरूर जा, पण ‘शहरही बघू, मिरवणूकही बघू’ हे जमत नाही. फेरियाचं दुखणं वेगळं. मैदानावरचे हजाराच्या वर तंबू बहुतांश खासगी असतात, ओळखीशिवाय आत प्रवेश नाही. पालिकेच्या जिल्ह्यांचे मोजके तंबू सगळ्यांना खुले असतात, तिथे जावं. खोल्यांचे दर दोन्ही आठवड्यांत कडाडतात.

व्हिसा आणि पोचणं

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, शिवाय व्हिसा केंद्राची फी. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. ग्रुप असेल तर दोन-अडीच महिने आधी कामाला लागा, कारण प्रत्येकाची भेटीची वेळ वेगळी पडते. इथे हमखास नडतं ते म्हणजे खोलीचं बुकिंग एकाच्याच नावावर असणं. बुकिंगच्या पत्रावर सगळ्यांची नावं, पासपोर्टमध्ये आहेत तशीच, लिहून घ्या.

माद्रिदला उतरून आतोचा स्टेशनवरून सेव्हिलच्या सांता हुस्ता स्टेशनला वेगवान रेल्वे साधारण अडीच तासांत पोचवते. ही स्पेनची पहिली वेगवान लाइन, १९९२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी सुरू झालेली. आता रेन्फे या सरकारी रेल्वेशिवाय इर्यो आणि उइगो याही कंपन्या धावतात, त्यामुळे तिन्हीकडे भाव बघून मगच तिकीट काढा. आधी काढलं तर दर निम्म्यावरही येतात. स्वस्त तिकिटाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत आणि विमानाला उशीर झाला म्हणून गाडी थांबत नाही. दोन्ही तिकिटं वेगवेगळी असतात, म्हणून विमान उतरण्याची वेळ आणि गाडी सुटण्याची वेळ यांत निदान तीन तास ठेवा. स्टेशनवर बॅगा यंत्रातून जातात आणि फलाटाचं दार गाडी सुटण्याच्या दोन मिनिटं आधी बंद होतं. त्यानंतर कितीही विनवण्या केल्या तरी उघडत नाही.

सेव्हिलच्या विमानतळावर थेट उतरलात तर ‘ईए’ नावाची बस सांता हुस्तामार्गे प्लासा दे आर्मासपर्यंत येते. विमानतळ ते शहर टॅक्सीचं भाडं ठरलेलं असतं. रात्री आणि सुट्टीला जास्त. साध्या टॅक्सीत चारच जण बसतात, पाचव्याला मांडीवर घेऊन चालत नाही. सहा जण म्हणजे दोन टॅक्सी, हा हिशेब खर्चात धरा.

राहायचं कुठे

सांता क्रूस देखणं आहे, पण गल्ल्या इतक्या अरुंद की टॅक्सी दारापर्यंत येत नाही आणि दगडी फरसबंदीवर बॅगांची चाकं मोडतात. आम्ही अल्फाल्फा किंवा आरेनाल सुचवू. दोन्ही मध्यावर आहेत आणि खायच्या जागा पायाशी. आलामेदा दे एर्कुलेस हा रात्रजीवनाचा चौक. तिथे रस्त्याकडेची खोली घेतली तर पहाटे तीनपर्यंत झोप नाही. बुकिंग करताना खोली आतल्या अंगणाच्या बाजूची मागा. दिसायला अंधारी असते, पण शांत आणि थंड.

फ्लॅट घ्यायचा तर जाहिरातीत पर्यटक-निवासाचा नोंदणी क्रमांक आहे का ते बघा, नसेल तर सोडून द्या. कायद्याने यजमानाला प्रत्येक पाहुण्याचे तपशील नोंदवून पोलिसांकडे पाठवावे लागतात, म्हणून सगळ्यांचे पासपोर्ट मागितले तर त्यात काही काळंबेरं नाही. आणि रात्री बाराला गच्चीवर गाणी लावाल तर शेजारी पोलिसांना फोन करतात. रस्त्यात बाटल्या घेऊन बसायलाही अंदालुसियात २००६ पासून मनाई आहे आणि रात्री दहानंतर दुकानांतून दारू मिळत नाही.

तिकिटं आधी दोनच

आल्कासार हा राजवाडा आणि कॅथेड्रल. बाकी सगळं आयत्या वेळी.

आल्कासार अजूनही राजघराण्याचं निवासस्थान आहे. तिकीट वेळेचं आणि नावाचं असतं, दारात पासपोर्ट तपासतात. सकाळचा पहिला स्लॉट घ्या आणि आत शिरल्यावर बागेत न रेंगाळता सरळ पेद्रो राजाच्या महालात जा. १३६४ च्या सुमारास ख्रिश्चन राजाने मुस्लिम पद्धतीच्या कारागिरांकडून हा बांधून घेतला. भिंतींवर अरबी अक्षरं आणि कास्तील राज्याचे किल्ले-सिंह शेजारीशेजारी दिसतात. राजदूतांच्या दालनात खाली उभं राहून वर बघा: सोन्याचा मुलामा दिलेला लाकडी घुमट १४२७ चा आहे. साडेदहानंतर तिथे मोठे ग्रुप येतात, मग मान वर करायलाही जागा उरत नाही. बागा मात्र कितीही गर्दी झाली तरी पुरतात, त्या नंतर.

कॅथेड्रल रविवारी सकाळी प्रार्थनेसाठी असतं, पर्यटकांना दुपारनंतरच घेतात. शुक्रवार ते सोमवार असा बेत असेल तर ते शनिवारी ठेवा. हिराल्दा मनोरा म्हणजे जुन्या मशिदीचा मिनार. वर जायला पायऱ्या नाहीत, ३५ उतार आहेत, अजान देणाऱ्याला घोड्यावरून चढता यावं म्हणून केलेल्या. गुडघे कुरकुरणारे मित्रही हळूहळू वर पोचतात, फक्त शेवटच्या टोकाला थोड्या पायऱ्या लागतात. कोलंबसची शवपेटी चार राज्यांचे पुतळे खांद्यावर घेऊन उभे आहेत, ते आतच. याच तिकिटात एल साल्वादोर चर्चही येतं, म्हणून तिकीट फेकून देऊ नका.

प्लासा दे एस्पान्या फुकट. १९२९ च्या प्रदर्शनासाठी आनिबाल गोन्सालेसने बांधलेला अर्धवर्तुळाकार चौक, प्रांताप्रांताचे रंगीत टाइल्सचे कोनाडे. सकाळी नऊच्या आत किंवा सूर्य कलल्यावर जा. कालव्यात भाड्याच्या होड्या आहेत, वल्ही आपणच मारायची, आणि ग्रुपमधला वल्ह्यांचा स्वयंघोषित तज्ज्ञ पहिल्याच वळणावर भिंतीला धडकतो. लास सेतास ही २०११ ची लाकडी छत्री वरून छान दिसते की खालून, यावर मतभेद आहेत. आमच्या मते खालून, आणि ते फुकट. सोमवारी इंडीज दफ्तरखाना आणि ललितकला म्युझियम बंद असतात.

कॅथेड्रलच्या आसपास बायका हातात रोझमेरीची काडी देतात. घेऊ नका. घेतली की हात बघतात आणि नोट मागतात.

तापास: इथेच खरा वेळ घालवा

शेजारच्या ग्रानादात पेयाबरोबर तापा, म्हणजे छोट्या बशीतला पदार्थ, फुकट येतो. सेव्हिलमध्ये येत नाही. इथे तो मागवायचा आणि पैसे द्यायचे, पण त्या बदल्यात निवड आपली. मापं तीन: तापा म्हणजे दोघांत तीन-चार घास, ‘मेदिया रासिओन’ तिघांना पुरेल एवढी, ‘रासिओन’ चार-पाच जणांत. तापा साधारण ३ ते ५ युरो, बिअरचा छोटा ग्लास म्हणजे ‘कान्या’ दीड-दोन युरो. एका माणसाचं रात्रीचं जेवण म्हणजे चार-पाच तापा, दोन-तीन बारमध्ये मिळून. काही ठिकाणी तापा फक्त काउंटरवर मिळतो, टेबलावर रासिओनच. बाहेरच्या टेबलांना जादा दरही असतो. यादीत खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

चूक होते ती पहिल्याच बारमध्ये बारा पदार्थ एकदम सांगण्याची. काउंटर भरतो, तळलेलं गार होतं आणि पुढच्या बारला पोटात जागा राहत नाही. सहा जणांनी एका वेळी तीनच पदार्थ मागवावेत, संपले की पुढचे. प्रत्येक बारचा एखादा हातखंडा पदार्थ असतो, शेजाऱ्यांच्या बशीत सगळ्यात जास्त वेळा काय दिसतंय ते बघा आणि तेच मागवा. पाव आणि ‘पिकोस’ म्हणजे कुरकुरीत काड्या बहुधा बिलात लागतात. नळाचं पाणी फुकट देणं हॉटेलांना कायद्याने बंधनकारक आहे, ‘आग्वा देल ग्रिफो’ मागा.

आणि शनिवारी रात्री साडेनऊला सहा जणांनी एका टेबलाचा आग्रह धरू नये. तीन-तीनच्या दोन तुकड्या करा, दोन वेगळ्या बारमध्ये काउंटरला उभे राहा, अकराला तिसऱ्या ठिकाणी भेटा. १६७० पासूनच्या एल रिंकोन्सियोसारख्या जागी तर काउंटरवरच मजा आहे: हिशेब समोर लाकडावर खडूने लिहितात, पैसे दिले की फडक्याने पुसून टाकतात.

शाकाहारी मित्राचं काय? उपाशी राहत नाही, पण नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. हामोन, म्हणजे सुकवलेलं डुकराचं मांस, बऱ्याच जणांच्या लेखी मांसात मोडतच नाही आणि सॅलडमध्ये ट्यूना न सांगता येतो. ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन’ हे तिन्ही म्हणायचं. मागवायचं ते ‘एस्पिनाकास कॉन गार्बान्सोस’: पालक आणि छोले, वर लसूण, जिरं आणि तळून कुटलेल्या पावाचा दाटपणा; पहिल्याच घासाला जिरं ओळखू येतं. साल्मोरेखो हे टोमॅटो-पाव-तेलाचं गार, घट्ट सूप, पण वरून अंडं आणि हामोन भुरभुरवतात, ते आधीच नको म्हणा. वांग्याचे तळलेले काप वर उसाची काकवी घालून येतात, फारच छान. फक्त कढई बहुधा मासळीचीच असते, कडक पाळणाऱ्यांनी विचारून घ्यावं. क्रोकेता दिसायला बटाटेवड्याच्या नात्यातल्या असल्या तरी आत बहुधा हामोन असतं.

मांस-मासे खाणाऱ्यांसाठी: ‘कासोन एन आदोबो’ म्हणजे व्हिनेगर-जिऱ्यात मुरवून तळलेला मासा, ‘सोलोमियो आल व्हिस्की’ म्हणजे डुकराचं मऊ मांस लसणीच्या रश्शात. ‘कोला दे तोरो’ हे बैलाचं शेपूट, गोमांस टाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

उन्हात वाइनपेक्षा ‘तिंतो दे व्हेरानो’ बरी, लाल वाइन आणि लिंबू सोडा. सांग्रिया इथे बहुतेक पर्यटकच मागवतात.

बिल एकच येतं. प्रत्येकाचं वेगळं करून मागितलं तर गर्दीच्या वेळी कपाळाला आठ्या पडतात. स्पॅनिश मित्रमंडळी करतात तेच करा: रात्रीच्या सुरुवातीला प्रत्येकाने ३० युरो एका पाकिटात टाकायचे, एकाने खजिनदार व्हायचं, संपले की पुन्हा भर. न पिणारा असेल तर त्याची वर्गणी आधीच कमी धरा, नाहीतर तिसऱ्या रात्री कुरबुर सुरू होते. टीप म्हणजे वरची चिल्लर, सक्ती नाही.

फ्लामेंको

जेवणासकटचे मोठे शो टाळा. तिथे जेवण सामान्य असतं आणि ताटल्यांच्या आवाजात गाणं बुडतं. कासा दे ला मेमोरियासारख्या छोट्या जागा घ्या: तासाभराचा कार्यक्रम, एक गिटार, एक गायक, नाचणारे, बहुधा माइकशिवाय. जागा कमी असतात, दोन-तीन दिवस आधी तिकीट काढा आणि वीस मिनिटं आधी पोचा. पहिल्या रांगेत बसलात तर पायांचं काम दिसतं.

सोलेआ हा फ्लामेंकोचा संथ प्रकार सुरू झाला की बारा मात्रा मोजून बघा. जोर पडतो तो ३, ६, ८, १० आणि १२ वर. आपल्याला पहिल्या मात्रेवर समेची सवय, इथे ओळ मिटते ती दहाव्यावर, आणि जाणकारांचं ‘ओले’ तिथेच येतं. बुलेरिया या जलद प्रकारात हेच चक्र बारापासून मोजतात, आणि इतक्या वेगात की मोजणं सुटतं. नाचणारी पायांनी ठराविक ठोका देते तो गिटारवाल्याला इशारा असतो, आता पुढचा भाग. त्या क्षणी गिटारवाल्याचे डोळे तिच्या टाचांवर खिळलेले असतात. टाळ्यांचेही दोन प्रकार, पोकळ हाताच्या दबक्या आणि बोटांच्या कडक. गायक हळू आवाजात असताना त्या दबक्याच राहतात. प्रेक्षकांनी मध्ये टाळ्यांची साथ देऊ नये, लय बिघडते आणि कलाकाराच्या चेहऱ्यावर ते दिसतं.

कार्यक्रम साडेसात-आठचा घ्या, म्हणजे सुटल्यावर स्वयंपाकघरं नुकती उघडलेली असतात. मग इसाबेल दुसरीचा पूल, म्हणजेच त्रियानाचा पूल, ओलांडून नदीपलीकडच्या त्रियानाला जा. सान हासिंतो रस्त्यावर आणि त्याच्या आडगल्ल्यांत खा. नदीकाठचा बेतिस रस्ता फोटोसाठी चांगला, जेवायला महाग.

शेवटचा दिवस

तीन रात्रींत ग्रानादा कोंबू नका, जाण्यायेण्यातच पाच-सहा तास जातात. फारच हौस असेल तर कोर्दोबा, वेगवान गाडीने पाऊण तास, पण एक सेव्हिलची दुपार त्यात जाते. त्यापेक्षा त्रियानाच्या बाजारात सकाळी टोमॅटो-तेलाचा टोस्ट आणि कॉफी घ्या. बाजाराखालीच धर्मन्यायालयाच्या (इन्क्विझिशनच्या) किल्ल्याचे अवशेष आहेत. आल्फारेरिया रस्त्यावर टाइल्स मिळतात. विमानात हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात फुटतात.

खोली बहुधा अकराला सोडावी लागते आणि गाडी संध्याकाळची असते. फ्लॅटवाला सामान ठेवून घेतोच असं नाही, हे आदल्या दिवशी विचारा. नाहीतर जुन्या शहरात सामानाची लॉकर-दुकानं आहेत, पण काही रात्री लवकर बंद होतात; लॉकर भाड्याने घेतानाच बंद व्हायची वेळ बघून ठेवा. सहा जणांच्या दोन टॅक्सी धरून, जुन्या शहरातून सांता हुस्ताला पोचायला गाडीच्या निदान पाऊण तास आधी निघा.